बोटांची विचारपूस

श्रीगजाननास वंदन करून, माझ्या जुन्या संगणकास नवी प्रणाली लाभली त्या निमित्ताने हे चार शब्द लिहितो.

झाशीच्या सदर बाजारातील आमचे संगणक दुरुस्त करणारे गृहस्थ यंत्राला स्पर्श करण्यापूर्वी चपला बाहेर काढतात, आणि बोलताना ‘जी’ लावल्यावाचून संगणकाचाही उल्लेख करीत नाहीत. मला परके वाटू नये म्हणून त्यांनी नव्या प्रणालीला हुबेहूब जुने रूप दिले. मी निर्धास्त झालो. झाशीतील मराठी घरांच्या श्राद्धतिथींची यादी मी दरवर्षी करतो. पितृपक्षाला चार दिवस उरले होते. सवयीने टंकित करीत गेलो आणि वर पाहिले, तो ‘चतुर्थी’च्या जागी भलतीच अक्षरे!

त्यांना पुन्हा घरी बोलावून मी म्हणालो, “भैया, सूरत तो वही है, फिर हमारी सुनता क्यों नहीं?”

ते खळखळून हसले. “पंडितजी, सूरत मिला दी, आपकी उँगलियों से पूछना भूल गए. आँखें मूँदिए, एक श्लोक टाइप कीजिए.”

मी श्लोक म्हणत टंकित केला. त्यांनी वाकून, कोणते बोट कोणत्या अक्षरासाठी कुठे जाते ते एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर टिपले आणि कळफलक तसाच जुळवला. मग पडद्यावरचे ते जुने रूप त्यांनी स्वतःच पुसून टाकले.

“अंदर और भी बहुत कुछ बदला है. अब चेहरा नया रहेगा, तो आप देखकर चलेंगे.”

यादी दुसऱ्या दिवशी घरोघरी पोहोचली.

वाचकहो, आपल्या घरी येणारे प्रत्येक नवे आपल्या हातांची अशीच विचारपूस करो, आणि कुलदैवत आपणा सर्वांस सुखी ठेवो.