मागच्या चाकाचा टायर

मोटरसायकल लष्करी लिलावातून आलेली होती. खाकीवर हिरवा रंग मारला होता आणि टाकीच्या कडेला तो सुटत होता. वर्ध्याजवळच्या आमच्या नालवाडीत तेव्हा तशी दुसरी गाडी नव्हती. मी वर्ध्याहून नागपूरच्या एका दैनिकाला बातम्या पाठवत असे, त्यासाठी ती घेतली. प्रत्यक्षात तिचं रोजचं काम वेगळंच होतं: बायकोला शाळेत पोचवणं.

शाळा देवळीच्या रस्त्यावरून आत, काळ्या मातीच्या गाडवाटेनं दोन मैलांवर होती. बस पक्क्या रस्त्यावर सोडायची, तीही शाळा भरून गेल्यावर. बायकोची नेमणूक तात्पुरती होती. तपासनीस येऊन वर्ग पाहणार आणि त्यांच्या शेऱ्यावर ती कायम होणार, नाहीतर घरी बसणार. त्या पावसाळ्यात तिला दोनदा उशीर झाला होता. दोन्ही वेळा मागचं चाक घसरून आम्ही पडलो होतो. पडल्यानंतर तिनं पाचवारी सोडून नऊवारी लुगडं नेसायला सुरुवात केली, म्हणजे दोन्हीकडे पाय टाकून बसता यावं. लोक हसले. तिनं लक्ष दिलं नाही. पुन्हा उशीर झाला तर तपासनिसांच्या कानावर घालावं लागेल, असं हेडमास्तरांनी तिला सांगितलं होतं.

पोळा झाला आणि तपासणीचा दिवस कळला. पुढचा सोमवार. मागचा टायर इतका झिजला होता की रबराखालचं कापड दिसत होतं.

कापूस बाजाराजवळ एक टायरवाला होता. आम्ही दोघं गेलो. नव्या टायरची किंमत ऐकल्यावर त्याबद्दल पुन्हा बोलणं झालं नाही. राहिले दोन. एक नागपुरात पुन्हा रबर चढवलेला, उभ्या रेघांचा. रेघा उथळ होत्या. दुसरा लष्करी शिल्लक मालातला, न वापरलेला, बोटाच्या पेराएवढ्या उंच ठोकळ्यांचा.

“हा घ्या भाऊ,” टायरवाला म्हणाला. “लढाईचा माल हाय. बर्माले जायचा होता, गेलाच नाई.”

“गेला नाही म्हणून स्वस्त का?” बायकोनं विचारलं.

“बाई, गेला असता तं तुमाले कुठून भेटला असता?”

मी टायर वाकवून कडेला चिरा आहेत का ते पाहिलं. दोन बारीक होत्या. बायकोनं दोन ठोकळ्यांच्या मधे अंगठा घातला. तो नखापर्यंत आत गेला.

“हा चिखलात धरून ठेवेल,” ती म्हणाली. मलाही तसंच वाटलं. चढवलेलं रबर सुटतं, असं दोघांनीही ऐकलं होतं. ठोकळ्यांचा घेतला.

त्या आठवड्यात मी कोणतंही काम धड बसून केलं नाही. बातमी अर्धी लिहायची, बाहेर यायचं, टायर दाबून पाहायचा. पाऊस थांबून थांबून पडत होता. बायको शिकवायच्या धड्याची उजळणी करायची आणि मधेच विचारायची, “हवा उतरली तर नाही?” शनिवारपर्यंत आम्ही पक्क्या रस्त्यावरून आणि वाटेच्या कोरड्या कडेनं गेलो. टायर उत्तम चालला.

सोमवारी वाट पूर्ण ओली होती. पक्का रस्ता सोडला आणि गाडी जड झाली. ठोकळ्यांनी माती धरली, पण सोडली नाही. ती मडगार्डखाली साचत गेली, दाबली गेली, आणि अर्ध्या वाटेवर मागचं चाक फिरायचंच थांबलं. इंजिन चालू, गाडी उभी. उतरून आम्ही काठीनं माती उकरली. दहा पावलं गेलो की पुन्हा तेच.

समोरून एक बंडी आली. हाकणारा उभा राहून पाहू लागला.

“काऊन भाऊ, बैल पाह्यजे काय?”

“तुमची बंडी मागं फिरवता का?” बायकोनं विचारलं. “शाळेत सोडा.”

“फिरवली अस्ती बाई, पण सरकी भरून हाय. या चिखलात वळनार नाई थे.” मग त्यानं मानेनं मडगार्ड दाखवलं. “चाकावर छत कायले ठेवलं? चाकाले काय ऊन लागते?”

तो हसत गेला. बायको हसली नाही. “पाना आहे ना?” तिनं विचारलं.

मडगार्डचे बोल्ट गंजलेले होते. शेवटचा मी तोडला. मडगार्ड टाकीवर आडवं धरून निघालो. आता चाक फिरत होतं आणि सगळी माती वर उडत होती. माझ्या पाठीला काही लागलं नाही. मागे ती होती.

आम्ही पोचलो तेव्हा प्रार्थना सुरू होती. ती उतरली तेव्हा मी पाहिलं: मानेपासून खालपर्यंत पाठ काळी. समोरून लुगडं स्वच्छ. तिनं हातानं चाचपून पाहिलं, भिंतीला पाठ लावून वर्गात शिरली आणि मुलांकडे तोंड करून उभी राहिली.

तपासनीस आदल्या दिवशीच गावात मुक्कामाला आले होते. ते दाराशी खुर्चीवर बसले. मी खिडकीबाहेर होतो. तास संपेपर्यंत ती फळ्याकडे वळली नाही. एकेका मुलाला बोलावून लिहायला लावलं. चुकलं तर दुसऱ्याला दुरुस्त करायला लावलं. तिच्या मागची भिंत हळूहळू काळी होत होती. तपासनिसांनी प्रश्न विचारले नाहीत; अधूनमधून काहीतरी लिहीत होते. तास संपल्यावर उठले, टोपी घातली आणि दारातून म्हणाले, “बाई, आता वळायला हरकत नाही.”

एवढंच. चेहऱ्यावरून काही कळलं नाही.

परतताना पुन्हा चिखल उडू नये म्हणून गाडी आम्ही ढकलत नेली. “त्यांनी काय लिहिलं असेल?” तिनं पक्क्या रस्त्यापर्यंत तीनदा विचारलं. माझं काम माणसांच्या बोलण्याचा अर्थ लावण्याचं होतं. त्या वाक्याचा मला लागला नाही.

दुसऱ्या दिवशी टायर परत करायला गेलो. टायरवाल्यानं परत घेतला नाही, बदलून दिला; वरचे पैसे त्यानंच ठरवले. रेघांचा टायर माती धरत नव्हता. गाडी थोडी घसरायची, पण चालायची, आणि तिला पुन्हा उशीर झाला नाही.

कायम केल्याचा हुकूम दिवाळीनंतर आला. तिनं तो दारात उभं राहून वाचला, मला दिला आणि गाडीजवळ जाऊन वाकली. मागच्या टायरचं चढवलेलं रबर एका कडेनं सुटायला लागलं होतं. “उद्या शाळेपर्यंत चालेल ना हा?” तिनं विचारलं. मी हुकूम खिशात घातला आणि चाक फिरवून पाहू लागलो.