अण्णांचे पापुद्रे

वडिलांना आम्ही अण्णा म्हणत असू. साठच्या दशकात मी बंगळुरूतल्या एका प्रयोगशाळेत रक्तपेशींवर काम करत होते. त्याच सुमाराला डॉक्टरांनी अण्णांचं तूप बंद केलं. रक्तात कोलेस्टेरॉल वाढलंय म्हणाले. अण्णांना तुपावाचून घास उतरत नसे, त्यामुळे घरात सुतकी कळा आली.

एकदा जेवताना मी सहज बोलून गेले, "अण्णा, कोलेस्टेरॉल म्हणजे काही विष नव्हे. प्रत्येक पेशीभोवती चरबीचा पातळ पापुद्रा असतो, त्यात ते बसलेलं असतं. उष्णतेत पापुद्र्याला सैल पडू देत नाही, थंडीत ताठरू देत नाही."

"आणि ते नसेल तर?"

"पापुद्रा कमजोर होईल. पेशी लवकर फुटेल."

अण्णांनी घास खाली ठेवला. आईकडे वळून म्हणाले, "ऐकलंस? इथं माझ्या पेशी फुटताहेत, आणि तू मला कोरडा भात वाढतेस!"

त्या दिवसापासून प्रत्येक गोष्टीचा दोष पापुद्र्यांवर जाऊ लागला. जिना चढताना दम लागला, पापुद्रे. छत्री बसमध्ये विसरली, पापुद्रे. शेवटी आई मला म्हणाली, "तू सुरू केलंस ना, आता तूच निस्तर." अण्णाही हट्टालाच पेटले होते, "माझं रक्त तपास. मग डॉक्टरांना दाखवू."

प्रयोगशाळेतल्या सरांची परवानगी काढून मी अण्णांना तिथं घेऊन गेले. अण्णांनी ठेवणीतला कोट घातला, आणि बंगळुरूच्याच शिवाजीनगरला बस बदलून आम्ही पोचलो. सुई टोचणाऱ्या सहकाऱ्याला त्यांनी कानडी-मराठी मिसळून तीनदा बजावलं, "स्वल्प, जरा जपून हं!" तुलनेसाठी मी माझंही रक्त काढून घेतलं.

तपासणी साधीच होती. ओळीनं काचेच्या नळ्या, प्रत्येकीत आधीच्यापेक्षा कमी मिठाचं पाणी. मीठ कमी झालं की पेशी पाणी पिऊन फुगतात, फुटतात आणि पाणी लालभडक होतं. माझ्या पेशी एका नळीत फुटल्या. अण्णांच्या त्याच्या पुढच्या नळीतही शाबूत होत्या.

"म्हणजे माझ्यात काहीच दोष नाही?" अण्णांचा चेहरा पडला.

"काही नाही. झकास आहेत पेशी."

"परत बघ."

परत बघितलं. तेच. मग मला सांगावंच लागलं, की शरीर स्वतःच कोलेस्टेरॉल तयार करतं, यकृतात, त्यासाठी तूप खावं लागत नाही.

"हे त्या दिवशी का नाही बोललीस?"

"तुम्ही बोलू कुठे दिलंत!"

परतताना घराजवळच्या थांब्यावर बसमधून उतरता उतरता त्यांनी हळूच विचारलं, "तुझ्यापेक्षा माझ्या पेशी जास्त टिकल्या, नाही का?"

मी हो म्हटलं. ती माझी चूक झाली.

घरात शिरताच त्यांनी आईला सगळी हकीकत सांगितली, यकृत तेवढं वगळून. आईनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे तूप न खाता तुमचं उत्तम चाललंय."

"सरी, बरोबर आहे," अण्णा कानडी-मराठीत म्हणाले. एवढ्या सहजी ते मान्य करतील असं मला वाटलं नव्हतं. मग पाटावर बसता बसता त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "पण ही रोज तूप खाते, आणि हिच्या पेशी आधी फुटल्या. हिचंही बंद कर."

माझ्या पानापर्यंत आलेली तुपाची वाटी आईनं तशीच मागे नेली. मी "अगं आई, एका नळीच्या फरकाला काही अर्थ नसतो" म्हणेपर्यंत फडताळाचं दार लागलंही होतं.