श्रद्धांजलीआधी काढलेले मेसेज

मागच्या वर्षी, पावसाळा सरत असताना, एका गुरुवारी दुपारी अंधेरी पूर्वेच्या एका गोदामात तिसऱ्या मजल्यावरून मालवाहू लिफ्टच्या खड्ड्यात पडून एक कामगार ठार झाला. लिफ्ट तळमजल्यावर होती. वरचे दार उघडे होते.

तो पॅकिंग विभागात होता आणि भांडुपला राहत होता. मागे बायको आणि शाळेत जाणारी मुलगी. कायद्याने ठरलेली भरपाई कंपनीने दिली. दार आधीपासून नादुरुस्त होते आणि हे कंपनीला माहीत होते, हा बायकोचा आरोप मात्र नाकारला. अशी कोणतीही तक्रार आली नव्हती, असे न्यायालयात लिहून दिले. बायकोचे म्हणणे होते की नवऱ्याने त्याच सकाळी कामाच्या चॅट ग्रुपवर दाराबद्दल लिहिले होते. जेवणाच्या सुट्टीत फोनवर त्याने तिला तसे सांगितले होते. तिचा दावा त्या एका मेसेजवर उभा होता.

मी पूर्वी बातमीदार होतो. आता एका छोट्या संस्थेत आहे. खटल्यांसाठी लागणारे कामाच्या ठिकाणचे चॅट गोळा करायचे, पुढे कोणी फेरफार करू शकणार नाही अशा रीतीने जतन करायचे आणि प्रत दोन्ही बाजूंना द्यायची, हे आमचे काम. मेसेजचा अर्थ लावणे आमच्याकडे नाही. या प्रकरणात दोन्ही वकिलांनी आम्हाला संमती दिली होती.

ग्रुप कंपनीच्या यंत्रणेवर नव्हता. बहुतेक गोदामांत असतो तसा तो कामगारांच्या स्वतःच्या फोनवर होता. शिफ्ट, सुट्टी, गाडी कधी लागणार, कोणाचा वाढदिवस, सगळे त्यावरच. सुपरवायझरही त्यात होता. मी एकेक फोन तपासला. प्रत्येकावर तेच दिसले. गुरुवारी सकाळी मृताच्या नावाने एक मेसेज, त्याखाली इतरांचे आणखी काही, आणि प्रत्येक जागी मजकुराऐवजी एकच ओळ: ॲडमिनने हा मेसेज काढून टाकला आहे. मग थेट मृत्यूची बातमी, श्रद्धांजली, जोडलेले हात. फोन रात्री आपोआप ठेवतात त्या प्रती काही दिवसांनी पुसल्या जातात. आम्ही पोहोचलो तेव्हा चार महिने उलटले होते.

ॲडमिन मृताचा मित्र होता. एकाच विभागात काम, भांडुपला एकाच चाळीत घर, गावेही शेजारची, कुडाळकडची. त्याने काही लपवले नाही.

"मीच काढले," तो म्हणाला. "त्याच संध्याकाळी. हॉस्पिटलच्या बाहेर उभा होतो."

"का?"

"सकाळी त्याची मस्करी चाललेली. आता श्रद्धांजली टाकायची, आणि जरा वर सरकवलं की सगळे दात काढतायत. बरं दिसतं का ते? त्याची मुलगी उद्या फोन उघडून बघेल. गेलेल्या माणसाची मस्करी ठेवू नये. वरपासून सगळं काढलं."

"सगळ्यात वरचा मेसेज त्याचा आहे."

"हो. तिसऱ्यावरचं दार लागत नाय, कोणाला तरी बोलवा, असा. तिथूनच सुरू झालं ना. एक बोलला, याला आज काम नकोय. दुसरा बोलला, घरी भांडून आलाय, राग दारावर काढतोय."

"आणि तुम्ही?"

"मी लिहिलं, दार लागत नसेल तर तूच उभा राहा ना दार बनून."

सुपरवायझरने काही लिहिले होते का, असे मी विचारले. लिहिले नव्हते, मृताच्या मेसेजखाली अंगठा दिला होता. मेसेजबरोबर तोही गेला.

एक फोन उरला होता, मृताचा. तो खिशात होता आणि पडताना बंद झाला होता. मेसेज काढले गेले संध्याकाळी. फोन बंद असेल तर काढल्याची सूचना त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. आधी आलेले, पाठवलेले सगळे जसेच्या तसे राहते. मी भांडुपला गेलो. फोन चालू करू नका, असे बायकोला दारातच सांगितले.

"चालूच आहे तो, दादा," ती म्हणाली. "तेराव्याला फोटो हवा होता. ह्यांचा एकट्याचा फोटोच नाय घरात. लग्नातला आहे, त्यात मी बाजूला. बरे फोटो सगळे फोनमध्ये. स्टेशनजवळच्या दुकानवाल्याने काच बदलून दिली, त्यांच्याच वायफायवरून स्टुडिओत पाठवला."

फोटो भिंतीवर होता. निळा शर्ट, तोंडावर हसू. खांद्यावर दुसऱ्या कोणाचा तरी हात, मनगटापाशी कापलेला.

मी फोन उघडला. वायफाय मिळताच काढल्याची सूचना पोहोचली होती; त्याच ओळी होत्या. गुरुवारी रात्री फोन बंद असल्याने त्या दिवसाची प्रत झालीच नव्हती, आणि फोन चालू झाल्यानंतरच्या प्रतींतही त्याच ओळी. आमच्याकडच्या साधनांनीही मजकूर परत आला नाही.

"ह्यात पण नाय?"

"नाही."

"म्हणजे मी खोटी पडले," ती म्हणाली. मग विचारले, "काढले कोणी?"

हे तोंडी सांगण्याची मला परवानगी नव्हती. अहवालात येईल, असे मी सांगितले.

अहवाल दोन्ही बाजूंना गेला. पुढच्या तारखेला मित्र तिच्या बाजूने साक्षीला आला. अहवालाच्या साक्षीसाठी मीही होतो. कोर्टाबाहेर आम्ही एकाच बाकावर बसलो होतो.

"भाऊजी, आधी सांगितलं असतंत तर मी तो फोन हातात घेऊ दिला नसता कोणाला," ती त्याला म्हणाली.

"वहिनी, मला तरी कुठे माहीत होतं, फोनमध्ये तसं राहतं म्हणून."

"फोटो तुम्हीच निवडलात ना."

"हो."

मेसेजमध्ये काय होते ते त्याने न्यायालयात सांगितले. स्वतः काय लिहिले होते तेही सांगितले. कंपनीच्या वकिलांनी त्याला एकच प्रश्न विचारला: तो मजकूर आज कुठे दाखवता येईल का? तो नाही म्हणाला. सुपरवायझरने असा मेसेज आठवत नसल्याचे सांगितले.

त्या महिन्याच्या अखेरीस कंपनीने मित्राला कामावरून काढले. कामाशी संबंधित नोंदी नष्ट केल्याचे कारण नोटिशीत दिले आहे, आणि पुरावा म्हणून आमच्या अहवालाचा हवाला आहे. तो आता नाहूरला एका इमारतीत रखवालदार आहे. दाव्याचा निकाल लागलेला नाही.