रोहतांगच्या वाटेवर बाबांचं सील

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. बाबांची शाळा सातवीत सुटली होती. ते झाशीच्या रेल्वे शेडमध्ये फिटर होते. नोकरी लागल्यावर मी जुनी मोटारसायकल घेतली आणि रोहतांगचा घाट चढायचं ठरवलं. त्यांनी अडवलं नाही. निघण्याआधीचा अख्खा रविवार ते खंडेराव गेटजवळच्या आमच्या घराच्या ओसरीत कार्बोरेटर घेऊन बसले. हवेचा स्क्रू बसवून झाल्यावर त्यावर त्यांनी लाल रंगाचा ठिपका दिला. शेडमधली ती रीतच होती. ठिपका म्हणजे सील. ज्याने लावलं त्याला विचारल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही.

मनालीपर्यंत गाडी छान पळाली. पुढे घाटात मात्र प्रत्येक वळणावर धापा टाकून बंद पडू लागली. एका ट्रकवाल्याने थांबून पाहिलं. वर हवा विरळ आहे, स्क्रू अर्धा फेरा सैल करा, असं सांगून तो निघून गेला. पेचकस माझ्या हातात होता, पण त्या लाल ठिपक्याला तो लावायचा धीर होईना. बाबांना विचारायला हवं, असं मी मागे बसलेल्या मित्राला म्हणालो. तो झाशीजवळच्या चिरगाँवचा.

"भैया, बाबूजी की सील है, अदालत की नहीं," तो म्हणाला. परतीच्या प्रवासाचे दिवस सोडले तर सुट्टीचा एकच दिवस उरला होता. परत खाली गेलो तर घाट उद्याच चढावा लागणार होता, आणि उद्याही गाडी अडली तर तसंच घरी परतायचं. तरी मी गाडी वळवली. उतारावर ती बिचारी न कुरकुरता आली.

मनालीच्या एसटीडी बूथवरून आमच्या शेजारच्या दुकानात फोन लावला. त्यांनी बाबांना बोलावून आणलं. मी सगळं सांगितलं.

"अरे, मी तो झाशीच्या उन्हाळ्यात बसवलाय. तिथली हवा मी कधी पाहिलीये? तू तिथं आहेस. आवाज ऐक आणि तूच बसव."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच वळणावर मी ठिपका खरवडला. अर्धा फेरा दिला, ऐकलं, आणखी थोडा दिला. दुपारी आम्ही घाटमाथ्यावर बर्फात उभे होतो आणि गाडी शेजारी संथ ठोके देत चालू होती. फुकट पेट्रोल जळतंय, असं मित्र दोनदा म्हणाला. त्याने तिसऱ्यांदा सांगेपर्यंत मी ती बंद केली नाही.