डिलीट आजोबा

व्हिडिओ कॉलवर आजोबा दिसले की तुम्ही तिघं विचारता, "डिलीट आजोबा, आज काय उडवलं?" ते हसतात. नाव धाकटीनं ठेवलं, पण त्यामागची हकिकत तुम्हाला मी, तुमच्या आजीनं, पुरवली होती. ती चुकीची होती. खरी इथं लिहिते.

आपल्या धाराशिवच्या घरातल्या कॉम्प्युटरला दोन हार्ड डिस्क आहेत. एकीवर मशीन सुरू होतं. दुसरी नंतर बसवली, फोटो आणि रेकॉर्डिंग ठेवायला. तिच्यावरची सगळी मांडणी माझी. मी हायस्कुलात इंग्रजी शिकवलं. माझ्या स्वयंपाकघरात डाळींच्या डब्यांनाही चिठ्ठ्या आहेत. आजोबा एस.टी.त कंडक्टर होते. कॉम्प्युटर ते माझ्याकडून शिकले, आणि शिकवताना मी त्यांच्याशी बरी वागले असं म्हणवत नाही.

तामलवाडीच्या अक्काआजी म्हणजे त्यांची थोरली बहीण. त्यांना जात्यावरच्या ओव्या येत, पण नुसतं म्हणा म्हटलं तर एक आठवत नसे. हात फिरू लागला की शब्द येत. म्हणून आजोबांनी अडगळीतलं जातं काढून धुतलं, पसाभर ज्वारी आणून ठेवली आणि दोन उन्हाळे मोबाइलवर त्यांचा आवाज टिपला. पुढं तो मोबाइल बिघडला. रेकॉर्डिंग तेवढी कॉम्प्युटरवर राहिली. मग अक्कांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज कायमचा गेला. त्या शाळेत गेलेल्या नव्हत्या, त्यामुळं लिहून सांगणंही नाही. आम्ही गेलो की मूठ वळून हवेत गोल फिरवायच्या. माझ्या ओव्या मला ऐकवा, एवढंच त्यांचं मागणं.

मी स्क्रीनच्या खालच्या पट्टीतल्या शोधाच्या चौकटीत नाव टाकून शोधलं. काही सापडलं नाही. तीन वेगवेगळी नावं टाकली, तरी नाही. आजोबांच्या नावाचा फोल्डर उघडला, तर रिकामा. महिन्याभरापूर्वी त्यांनी मला विचारून रिसायकल बिन साफ केला होता, ते मला आठवलं.

"तुम्हीच घालवलंत."

"त्यात ते नव्हतं गं. मी बघूनच पुसलं."

"मग मशीन खोटं बोलतं?"

"दुसऱ्या डिस्कवर नीट बघ की. कुठंतरी असंल."

"शोध म्हणजे सगळीकडं शोध. वाचता येतं मला. तिकीट फाडण्याइतकं सोपं नसतं ते."

ते उठून ओसरीवर जाऊन बसले.

पंचमीला तामलवाडीला गेलो. अक्कांच्या अंगणात गल्लीतल्या दहाबारा बायका जमल्या होत्या. अक्कांनी मूठ फिरवली. आत घरात नेऊन एकट्या अक्कांना सांगता आलं असतं. मी सगळ्यांसमोर सांगितलं, "तुमच्या भावानं पुसून टाकलं. त्यांनाच विचारा."

शेजारीण हसत म्हणाली, "काय वो कंडक्टरसाहेब, डॉक्टरनं ठेवलं होतं तेवढंबी तुमी कापलं व्हय?"

बायका हसल्या. अक्का भावाकडं बघत राहिल्या आणि मग त्यांनी तोंड फिरवलं. निघताना दर वेळी त्या भावाच्या पाठीवरून हात फिरवत. त्या दिवशी फिरवला नाही. परतीच्या बसमध्ये तुळजापूर आलं. तिथं आजोबा म्हणाले, "माझ्याच हातनं गेलं असंल." त्यानंतर त्यांनी कॉम्प्युटरला हात लावला नाही. पुढच्या रविवारी मी तुम्हाला ही गोष्ट रंगवून सांगितली.

थंडीत तुमच्या बाबांनी त्यांच्या जुन्या प्रमाणपत्राची प्रत मागितली. ती दुसऱ्या डिस्कवर कुठं आहे हे मला पक्कं माहीत होतं. सहज चौकटीत नाव टाकलं, तर नाही म्हणून उत्तर आलं. फोल्डर उघडला तर प्रत समोर. तेव्हा कुठं मी शोधाच्या सेटिंगमध्ये गेले. कॉम्प्युटर आधी स्वतःसाठी एक सूची बनवतो आणि त्या सूचीतच शोधतो. सूचीत पहिल्या डिस्कवर खूण होती, दुसरीवर नव्हती. ती मीच काढली होती. मशीन हळू चालतंय म्हणून, आणि तिकडचं मला सगळं पाठ आहे म्हणून. पाठ असलेलं तेच मी घराला रंग दिला त्या वर्षी माणसांच्या नावांवरून काढून विषयांप्रमाणे लावलं होतं, हे मात्र विसरले होते.

खूण केली, सूची नव्यानं बनवायला लावली. दुपारभर सूचीतल्या फाइलींचा आकडा वाढत राहिला. चार वाजता तो थांबला आणि मी नाव टाकलं. अकरा रेकॉर्डिंग. मीच केलेल्या फोल्डरमध्ये.

पहिलं लावलं. जात्याची घरघर, मग अक्कांचा आवाज. आजोबा ओसरीवर तूर निवडत होते. सूप थांबलं, पण ते आत आले नाहीत.

"सापडलं?"

"सापडलं."

"कुठं होतं?"

"दुसऱ्या डिस्कवर. मशीननंच नीट शोधलं नव्हतं."

"बरं झालं," ते म्हणाले आणि परत निवडायला लागले.

दोन दिवसांनी ओव्या माझ्या मोबाइलवर घेऊन तामलवाडीला गेलो. अक्कांनी मोबाइल कानाशी धरला. ओठ हलत होते, मूठ मांडीवर गोल फिरत होती. संपलं की परत लावायला खुणावत. तीच शेजारीण दारात उभी होती. "वैनी शिकलेल्या म्हणून सापडलं. कंडक्टरसाहेबांवर सोडलं असतं तर गेलंच होतं."

अक्कांनी मान हलवली आणि माझा हात धरला. आजोबांनी एकदा माझ्याकडं पाहिलं. मी त्यांना वाट बघायला लावली आणि खरं न सांगता चहा पीत राहिले. मग त्यांनी बशी उचलून आपला चहा ओतून घेतला.

अक्का उन्हाळ्यात गेल्या. भावानं पुसलं आणि भावजयीनं शोधून काढलं, असं समजूनच गेल्या.

म्हणून ते नाव आता घेऊ नका. उडवलं कुणीच नव्हतं, आणि हरवलं मी होतं.

इथपर्यंत लिहून झाल्यावर आजोबांना वाचून दाखवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं, चष्मा काढून पुसला.

"पोरांना कशाला सांगतीस," ते म्हणाले. "अक्काला सांगायचं होतंस."