गोधडीत ठेवलेला लॅपटॉप

किरनापूरजवळच्या गावातल्या अनुसयाबाईला रिकामं काही बघवत नसे. माठ अर्ध्यावर आला की ती घागर उचलायची, डब्यातला तांदूळ खाली गेला की तिचा जीव खालीवर व्हायचा. नवरा गेल्यावर तिनं नेमच धरला होता, घर भरलेलं ठेवायचं, म्हणजे कुणाच्या दारात उभं राहावं लागत नाही. मुलीच्या, मयुरीच्या, लॅपटॉपलाही तिनं हाच नेम लावला. धानाची धूळ जाऊ नये म्हणून तो गोधडीत गुंडाळायचा आणि चार्जर लावून ठेवायचा.

दिवाळीनंतरच्या मंडईचा, गावच्या जत्रेचा, दिवस होता. चौकात झुले, भोंगे, दुकानं. म्हणजे वीज जाणारच. आणि मयुरीची ऑनलाइन मुलाखत नेमकी त्याच दुपारी, भोपाळच्या नोकरीची. पोरगी सकाळपासून चार्ज बघत होती. शेवटी तिनं बॅटरीचा रिपोर्ट काढला आणि कपाळाला हात लावला.

"शंभर तर दिसून राह्यलं न?" अनुसयानं विचारलं.

"दिसते शंभर. पण बॅटरीची ताकदच कमी झाली आई. लाइट गेली का थोड्याच वेळात बंद पडन. हमेशा चार्जिंगवर राहिली, अन् गरम झाली म्हणून."

अनुसयानं गोधडीकडे पाहिलं.

"जाऊ दे न," मयुरी म्हणाली, "तुले काय मालूम."

मुलाखत रंगात आली आणि वीज गेली. मोबाइलच्या नेटवर बोलणं चालू राहिलं, पण पडद्याच्या कोपऱ्यातला आकडा भराभर उतरत होता. दाराआडून तो बघणारी अनुसया उंबऱ्यापर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली. चौकात तिच्या दिराचा, तेजरामचा, जनरेटर घरघरत होता. त्याच्याकडे तिनं इतक्या वर्षांत सुईसुद्धा मागितली नव्हती. पण आता तिला घरात उभंच राहवेना.

"भाऊजी, जनरेटरची एक लांब वायर द्या. पोरीची मुलाखत चालू आहे."

"वहिनी, तुमच्या घरी तं सगळंच असते," तेजराम हसून म्हणाला. आसपासचे लोक बघायला लागले.

"नाही हो भाऊजी. माह्या घरचं संपलं. पोरीची बॅटरी म्या खराब केली, गोधडीत ठेवून ठेवून."

तेजरामचं हसू मावळलं. त्यानं भोंगा बंद करायला लावला आणि वायरचं भेंडोळं स्वतःच खांद्यावर टाकलं. खिडकीतून वायर आत आली, अनुसया वाकत वाकत टेबलाखाली शिरली आणि तिनं चार्जर जोडला. वर मयुरी बोलतच होती.

मुलाखत संपली. निकाल पुढं लागायचा होता. सवयीनं अनुसया गोधडी घेऊन आली, पण लॅपटॉपचा चार्ज अर्ध्यावर असतानाच मयुरीनं चार्जर काढला. अनुसयाचे हात शिवशिवले. तरी तिनं गोधडी बाजूला ठेवली आणि वायर गुंडाळत असलेल्या तेजरामला म्हणाली, "मंडईचं जेवून जा भाऊजी."

"तुम्ही बलावलंच नाही कधी," तो म्हणाला, आणि चपला काढून आत आला.