मावशीचा राग आणि काकांची बंदूक

मावशी रागावली की आधी तिचे कान लाल होतात. ते दिसले की घरातल्या प्रत्येकाला बाहेरचं एखादं तातडीचं काम आठवतं. काका चपला शोधायला लागतात, वहिनी वाळत घातलेले कपडे काढायला जाते आणि बाळ्या, म्हणजे मावशीचा एकुलता एक मुलगा, वय अठ्ठावीस, मिशी भरघोस, संडासात जाऊन कडी लावतो. वहिनी ही त्याची बायको. मी भाचा. मला पळून जायला स्वतःचं घर आहे.

गंमत अशी की ही बाई पोटासाठी काच कापते. घराच्या पुढच्या खोलीतच तिचं दुकान आहे. खिडक्यांच्या काचा, आरसे, फोटोच्या चौकटी. टेबलावर जुनं ब्लँकेट, त्यावर काच आडवी, वर लाकडी पट्टी, आणि पट्टीच्या कडेने हिरकणी, म्हणजे काच कापायचं हत्यार, एकदाच, एका दमात ओढायची. मग काच टेबलाच्या काठावर आणून हलकेच दाबली की सरळ रेषेत सुटते. हात जरा थरथरला तर तडा भलतीकडे पळतो. म्हणून कान लाल असताना मावशी काचेला हात लावत नाही. "आत्ता नाही, डोकं ठिकाणावर नाही," असं गिऱ्हाइकाला तोंडावर सांगते. गिऱ्हाईक थांबतं. त्या अवस्थेत तिच्याशी हुज्जत घालायची कुणाची टाप आहे?

काका बँकेच्या दाराशी बंदूक घेऊन उभे राहायचे. बंदूक बँकेची नव्हे, रखवालदार पुरवणाऱ्या कंपनीचीही नव्हे. काकांची स्वतःची. त्या धंद्याची रीतच तशी आहे. परवान्याची बंदूक घेऊन येईल त्याला बरा पगार, रिकाम्या हाताने येईल त्याला निम्मा. कंपनीचा सुपरवायझर उघड म्हणायचा, "आम्हाला बंदूक पाहिजे. ती धरायला माणूस कुठलाही चालेल." हे काका घरी येऊन हसत हसत सांगायचे.

"हसू कसं येतं हो तुम्हाला?" मावशी भडकायची. "खुंटी म्हणाला तो तुम्हाला! बंदूक अडकवायची खुंटी!"

"अगं, पगार देतो ना खुंटीला."

ड्यूटी संपली की ती दुनळी बंदूक काकांबरोबर घरी यायची आणि मधल्या खोलीतल्या लोखंडी कपाटात उभी राहायची. घरात कपाट एकच, त्यामुळे मावशीचे कपडे कायमचे ट्रंकेत. मावशी बंदुकीला 'थोरली' म्हणायची. "थोरलीला तेल लावून झालं का? उरलं असेल तर धाकटीच्या कमरेलाही लावा." काका मात्र स्वभावाने असे की चोर समोर आला असता तरी त्याला 'अहो, जरा थांबता का' म्हणाले असते. उभ्या जन्मात त्यांनी ती बंदूक फक्त पुसली.

मग काकांचे गुडघे गेले. डॉक्टर म्हणाले, उभं राहणं बंद. सुपरवायझर घरी आला, पण गुडघ्यांची चौकशी करायला नव्हे. "परवाना मुलाच्या नावावर करून घ्या. जागा त्याची पक्की." बाळ्या ज्या मोबाइलच्या दुकानात कामाला होता ते बंद पडलं होतं, आणि वहिनीला सातवा महिना लागला होता. सगळ्यांना हायसं वाटलं. मावशी सोडून.

"बंदूक घरात नको," ती म्हणाली. "तुमच्या वेळी खपवून घेतली. आता नको. त्याने दुसरी नोकरी बघावी."

"दुसरी? कुठे ठेवलीय ती?" बाळ्या उसळला. "दाखव ना! मी काय कमी उंबरे झिजवले? एक जागा हातात आलीय, तीही तुला बघवत नाही?"

"पोर येतंय घरात."

"पोर काय जन्मल्या जन्मल्या कपाट उघडणार आहे? की माझा भरवसा नाही तुला? मी माथेफिरू आहे?"

"तुझं नाव घेतलं का मी?"

"मग भीती कुणाची वाटते तुला?"

यावर मावशी उठून दुकानात निघून गेली. कान तिचे लालच होते. बाळ्याला वाटलं, आपण जिंकलो. त्याने अर्ज करून टाकला.

अर्ज केल्यावर चौकीतून हवालदार घरी चौकशीला येतो. तो काय विचारतो हे काकांना पाठ होतं आणि त्यांनी सगळ्यांकडून पाठ करून घेतलं. वहिनी सासूला गोडीत म्हणाली, "आई, तुम्ही फक्त नाही म्हणायचं. काहीही विचारलं तरी नाही."

हवालदार आला तो दुकानातच बसला आणि आल्या आल्या टेबलावर रेलला.

"त्या काचेला टेकू नका," मावशी म्हणाली. "पन्नास ठिकाणी कापल्या जाल."

ते 'कापले जाल' असं हवं होतं, पण ती तेव्हाच इतकी तापली होती की हवालदाराला बाई करून मोकळी झाली. तो सरळ बसला. घरात कुणी दारू पितं का? नाही. कोर्टकज्जा? नाही. कुणाला वेडाचे झटके? नाही. शेवटचा प्रश्न विचारतानाच त्याने पुढे 'नाही' लिहीत आणलं होतं. "घरात कुणी तापट, डोक्यात राख घालणारं?"

"आहे," मावशी म्हणाली.

बाळ्या ताडकन उठला. "आई, तू आता माझ्या पायावर—"

"बस खाली! तू कसला तापट? मी आहे तापट. लिहा."

हवालदार हसला. "बाई, घरोघरी हेच. आमची मंडळी तर हातात येईल ते भांडं फेकते."

"भांडं फेकलं की टेंगूळ येतं. फार तर टाका पडतो. तुमच्या मंडळींच्या हाताशी बंदूक ठेवून बघा आणि मग हसा."

"पण कपाटाला कुलूप असतं ना? काडतुसं वेगळी?"

"वेगळी म्हणजे स्वयंपाकघरात, मिठाच्या डब्यामागे. आता स्वयंपाकघर कुणाचं, ते तुम्हीच सांगा."

काकांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मावशीने त्यांना हातानेच थांबवलं.

"वरच्या मजल्यावरचा तो गाडीवाला," ती हवालदाराला सांगू लागली. "रोज माझ्या दुकानाच्या तोंडाशी गाडी लावतो. हजारदा सांगितलं. मागच्या थंडीत माझा मोठा आरसा आला, माणसाच्या उंचीचा. हमाल गाडीला वळसा घालून आणत होते, आरसा धडकला आणि खळ्ळकन फुटला. हा खाली आला. मला वाटलं, चुकलं म्हणेल. त्याने गाडीवरचा ओरखडा दाखवला आणि म्हणतो, आधी याचं काय ते बोला, काचा काय ढिगाने मिळतात. मी एक शब्द बोलले नाही. आत गेले. सगळ्यांना वाटलं, रडायला गेली. मी कपाटाशी गेले. मूठ धरून ओढली. कुलूप होतं. पुन्हा ओढली. हे पलंगावर पडले होते. म्हणाले, किल्ली हवी का? आणि उशाखालून काढून माझ्यापुढे धरली."

"मला वाटलं, तुला आरशाची पावती हवीय," काका पुटपुटले. "त्याला दाखवायला."

"पावती नको होती हो मला."

 वहिनीचा हात पोटावर गेला होता.

"घेतलीत किल्ली?" हवालदाराने विचारलं. आता तो हसत नव्हता.

"नाही. नको म्हणाले. मी का नको म्हणाले ते मला अजून ठाऊक नाही. पुढच्या वेळीही नको म्हणेन, अशी हमी तुम्ही देता? देत असाल तर मीही सगळ्याला नाही म्हणते आणि चहा टाकते."

हवालदाराने पेन टेबलावर ठेवलं. "मी हे लिहिलं तर मुलाला परवाना मिळायचा नाही. यांचाही रद्द होईल, बंदूक जमा करावी लागेल. घरचा विचार घ्या. मी बाहेर थांबतो हवं तर."

"बाबा, सांगा ना काहीतरी!" बाळ्या म्हणाला. "तुमची आहे ती."

काका बायकोकडे बघत राहिले. आयुष्यभर बंदूक सांभाळलेला माणूस, आणि ती आपण स्वतःच्या हाताने कुणाच्या हातात देत होतो, हे त्यांना आत्ता कळत होतं. 

"लिहा, साहेब," काका म्हणाले. "मी आजच जमा करतो."

त्याच दुपारी रिक्षा करून ते स्वतः गेले आणि रिकाम्या हाताने परतले. ते उंबरठ्यात असतानाच घरात भडका उडाला.

"माझ्या पोराच्या तोंडचा घास काढलास तू!" बाळ्याने ट्रंकेला लाथ घातली.

"पोर बाहेर तरी येऊ दे! आल्याबरोबर घासच मागणार आहे का ते, तुझ्यासारखं?"

"सगळ्या गल्लीला कळलं, माझी आई खुनी आहे!"

"झाले असते! नाही झाले, तर हे ऐकून घेतेय फुकटात!"

तिने पातेलं आपटलं, त्याने दुसरं आपटलं. वहिनी रडता रडता दोघांवर ओरडली. वरचा गाडीवाला कठड्यावरून वाकून बघायला लागला, तेव्हा मावशीने त्यालाही खालून शब्दांनी यथेच्छ झोडपलं, आरशापासून सुरुवात करून. इतक्या वर्षांत तिला मी असं मोकळ्या गळ्याने भांडताना पाहिलं नव्हतं. एरवी ती ऐन रंगात आली की मध्येच थबकायची, वाक्य अर्धं टाकून निघून जायची, आणि आम्ही समजायचो, दमली. त्या दिवशी ती एकदाही थबकली नाही.

बाळ्या आता त्याच कंपनीत आहे. वेगळ्या दारावर, निम्म्या पगारात, हातात काठी. आईवर त्याचा राग आहे तसाच आहे. आईशी तो बोलतो ते फक्त भांडायला, आणि ती त्याला एकही भांडण अर्ध्यावर सोडू देत नाही.